मेमरीच्या पट्ट्या आणि विट्याचे स्थळ

किस्से जमवावे लागत नाहीत. दुरुस्तीच्या दुकानात स्क्रू जसे आपोआप साठतात, तसेच किस्सेही साठतात. मशीन बंद करताना एखादा स्क्रू हमखास उरतो, तो डबीत पडतो आणि वर्ष संपायच्या आत डबी भरते. मग कोणता स्क्रू कोणत्या मशीनचा, हे कुणालाच सांगता येत नाही. मी स्वभावाने जरा काटेकोर असल्याने किश्श्यांच्या बाबतीत मात्र ही वेळ माझ्यावर आलेली नाही. कोणता किस्सा कोणत्या मशीनमधून निघाला, हे मी अजून खात्रीने सांगू शकते.

नव्वदचे दशक संपत आले होते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. करून मी सांगलीला लिमये काकांच्या दुकानात रुजू झाले. काका पूर्वी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करत. काळ बदलला तसे ते कॉम्प्युटरकडे वळले. गावभागात त्यांचे मुख्य दुकान होते आणि साताऱ्यात राजवाड्याजवळ एका जिन्याखाली छोटी शाखा. माझे घर साताऱ्याचे. त्यामुळे शनिवारी ती शाखा उघडण्याचे काम माझ्याकडे असे.

दुकानात तिसरा माणूस संपत. कवठे महांकाळचा, डिप्लोमा झालेला. हात अतिशय हलका आणि आवाज तितकाच मोठा! लॅपटॉप तेव्हा इतके दुर्मीळ होते की ज्याच्याकडे तो असे, त्याला लोक नावाऐवजी ‘लॅपटॉपवाले’ म्हणत. पण संपत लॅपटॉप असा उघडायचा, जणू शेंग सोलतो आहे.

या लॅपटॉपवाल्यांची मागणी एकच असे. मेमरी वाढवा! मेमरी म्हणजे बोटभर लांबीची हिरवी पट्टी, काठाला सोनेरी दात असलेली. मशीनमध्ये एक पट्टी आधीपासून असे आणि शेजारची खाच रिकामी. जुनी पट्टी काढून टाकायला कुणीही तयार नसे. “चांगली आहे ना? मग राहू दे की!” नवी पट्टी पुण्याहून जी मिळेल ती यायची. म्हणजे एका मशीनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या वेगाच्या पट्ट्या शेजारी शेजारी बसायच्या. आमचे सगळे रामायण त्या दोन खाचांत घडले.

* * *

संपतचा सिद्धांत तीन शब्दांचा होता. “बसलं की चाललं!”

गणपती नुकतेच झाले होते. सांगलीतल्या एका वकीलसाहेबांचा लॅपटॉप आला होता. जुनी पट्टी एका प्रकारची होती, नवी दुसऱ्या. दोन्हींची लांबी सारखी, दात सारखे, खाचेत दोन्ही सहज बसत होत्या. मात्र आतली काम करण्याची पद्धत पूर्णपणे वेगळी.

“संपत, आधी चाचणी लावू,” मी म्हणाले. माझ्याकडे एक फ्लॉपी होती. तिच्यावरचा प्रोग्राम मेमरीच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहायचा आणि तेच परत वाचता येते का, हे पाहायचा. चूक सापडली की पडद्यावर लाल ओळ येई. ही चाचणी बराच वेळ खात असे, हे मला मान्य आहे.

“आवं म्याडम, खाच बसतीय, दात बसत्यात. आनि काय पायजे? कुंकू लावू का हिला?”

मशीन सुरू झाले. संपतने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिले. वकीलसाहेब मशीन घेऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी, अशिलासमोर मसुदा तयार करत असताना, सगळा पडदा निळा झाला. मसुदा गेला. तो परत लिहायला घेतला, तोही गेला.

साहेबांनी लॅपटॉप आमच्या काउंटरवर ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, “लिमये, हे मशीन माझ्या विरुद्ध पक्षापेक्षा जास्त तारखा मागतंय!”

ते जाईपर्यंत काका हसत होते. ते गेल्यावर काकांनी हसणे थांबवले. “संपत, तू अजून कायम झालेला नाहीस. तुळशीच्या लग्नापर्यंत बघतो. तोवर मेमरीपायी एक जरी मशीन परत आलं, तर तू कवठ्याला परत!”

एरवी संपतने यावरही काहीतरी उत्तर दिले असते. त्या दिवशी तो वकीलसाहेबांचे मशीन उघडून बसला. कारण विट्याहून त्याला स्थळ आले होते. मुलगी त्याला मनापासून आवडली होती. मुलीचे वडील एवढेच म्हणाले होते, “सांगलीतली नोकरी पक्की असंल, तर तुळशीचं लगीन झाल्याव साखरपुडा उरकू.” नोकरी आणि लग्न, दोन्ही एकाच मुदतीवर येऊन थांबली होती.

थोड्या वेळाने तो माझ्या टेबलाशी आला. आवाज प्रथमच खाली होता.

“म्याडम, ती फ्लॉपी कशी लावत्यात, जरा दावा की.”

* * *

खंडेनवमीला दुकानात हत्यारांची पूजा होत असे. पाटावर स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंगची इस्त्री, मल्टिमीटर, ब्रश असे सगळे ओळीने मांडले जाई आणि काकू स्वतः येऊन पूजा करत. त्या वर्षी एका डॉक्टरांचा लॅपटॉप उघडा होता आणि त्याच्या दोन पट्ट्या बाजूला काढून ठेवलेल्या होत्या. काकांनी भक्तिभावाने त्याही पाटावर ठेवल्या.

दसऱ्याची सुट्टी झाली. संपतने पट्ट्या बसवल्या, बटण दाबले. पडदा काळा आणि आतून एकसारखी पिपाणी! टूं, टूं, टूं!

डॉक्टर थोड्याच वेळात येणार होते. या दोन पट्ट्या चाचणीत उत्तीर्ण झाल्याचे मी स्वतः पाहिले होते, त्यामुळे मलाही काही सुचेना. संपतने पट्ट्यांची अदलाबदल केली. टूं, टूं! एक काढली. टूं, टूं! त्याच्या कपाळावरचा घाम ओघळून भुवईपर्यंत आला. बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज झाला आणि तो पुटपुटला, “गेलं विटं.”

मी भिंग घेतले आणि खाचेत पाहिले. आतल्या बारीक दातांमध्ये लाल कण अडकलेले होते. शेजारी पिवळे. एका कोपऱ्यात अर्धी अक्षतसुद्धा!

काकूंनी प्रत्येक पट्टीच्या सोनेरी काठावर हळद-कुंकू वाहिले होते, आणि तेही हात आखडता न घेता. सांगलीच्या बाईला हळदीची काय वाण!

ब्रशने खाच साफ केली, खोडरबराने दात घासले, आणि डॉक्टर पायरी चढत असताना पडद्यावर अक्षरे उमटली. डॉक्टर मशीन घेऊन समाधानाने गेले.

काकांनी काकूंना जरा समजावण्याचा प्रयत्न केला. “अगं, त्या दातांना धूळसुद्धा चालत नाही.”

“धूळ आणि कुंकू एक का?” काकू कडाडल्या. “वर्षभर तुमची दुकानदारी सुरळीत चालते, ती काय त्या फ्लॉपीमुळे?”

काका गल्ल्याकडे वळले. संपत मात्र हात जोडून पुढे झाला. “काकू, पुढच्या साली हळद-कुंकू माज्या कपाळाला लावा. लय लावा. पर पट्टीला नगं!”

* * *

एका शनिवारी काकांनी संपतला माझ्याबरोबर साताऱ्याला पाठवले. तिथले एक निवृत्त सुभेदार-मेजर, मुलाने दिलेला लॅपटॉप घेऊन येणार होते. नवी पट्टी चौसष्ट एमबीची होती. संपतने ती बसवली, मशीन सुरू केले आणि पडद्यावर नव्या पट्टीचे फक्त बत्तीस दिसले.

सुभेदारसाहेब मागे उभेच होते. “बाकी निम्मी कुठं गेली?”

“जी?”

“चौसष्ट सांगितली होती. निम्मी कुठं गेली, जवान?”

संपतने पट्टी काढली, पुसली, परत बसवली. बत्तीसच! साहेबांनी स्टूल ओढले आणि दारातच बसले. काठी आडवी मांडीवर. आमचे दुकान जिन्याखाली असल्यामुळे दार एवढेच होते की, साहेब बसल्यावर आत येणे किंवा बाहेर जाणे, दोन्ही बंद झाले.

“पूर्ण रेशन मिळाल्याशिवाय मी हलणार नाही. नाहीतर मशीन घेऊन सरळ सांगलीला तुमच्या मालकाकडे जातो.”

‘मालक’ हा शब्द ऐकताच संपतचा स्क्रूड्रायव्हर हातातून सुटला.

मी चाचणी लावली. पट्टी उत्तम होती. कारण माझ्या लक्षात आले: त्या पट्टीवर कमी चिप्समध्ये जास्त मेमरी दाटून भरलेली होती आणि ते जुने मशीन इतकी दाट मेमरी ओळखू शकत नव्हते. त्याला निम्मीच दिसत होती. मी हे शक्य तितक्या अचूक शब्दांत साहेबांना समजावले. त्यांचा चेहरा जराही हलला नाही.

संपतने घसा खाकरला. “साहेब, ट्रक चौसष्टचा हाय. पर पूल जुना हाय. वझं निम्मंच पलीकडं जातंय. चोरी न्हाई झाली, माल आपल्याच हद्दीत हाय.”

साहेबांनी काठी जमिनीवर आपटली. 

“पूल बघितल्याशिवाय ट्रक घातलाच कसा?” ते गरजले. “पलटणीत असतास तर तुला ग्राउंडला पळवला असता!”

“जी साहेब.”

“बदली पट्टी आण.”

“आनतो साहेब. तवर ही काडून ठिवू का?”

सुभेदारसाहेब उठले, काठी काखेत मारली आणि म्हणाले, “काढायची नाही! निम्मी का होईना, ड्यूटीवर आहे!”

* * *

ती बदली पट्टी पुण्याहून साताऱ्याला आली, पण शाखेत लावून पाहायला लॅपटॉप नव्हता, म्हणून तपासण्यासाठी ती सांगलीला न्यायची होती. पट्टी हाताळताना अंगातली स्थिर वीज तिला लागू नये, म्हणून मी फार जपत असे. ती मी चांदीच्या कागदात गुंडाळली, स्टीलच्या डब्यात ठेवली आणि डबा मांडीवर घेऊन एसटीत बसले. ही पट्टी खराब झाली, तर सुभेदारसाहेब सांगलीला येतील आणि ते आले की संपत कवठ्याला जाईल, हा विचार सबंध प्रवासभर डोक्यात होता.

कराडला हवालदार गाडीत चढले. कसलीशी तपासणी चालली होती. माझा डबा धरण्याची पद्धत त्यांना संशयास्पद वाटली असावी.

“उघडा.”

“कृपया हात लावू नका,” मी म्हणाले. हे वाक्य पोलिसाला कधी म्हणू नये, हे मला त्या दिवशी कळले!

सगळी गाडी वळून पाहू लागली. शेजारच्या आजीबाई सावकाश उठून पलीकडच्या बाकावर गेल्या. मी आधी बाकाच्या लोखंडी दांडीला हात लावला, अंगातली वीज जाऊ दिली आणि मग झाकण उघडून कागदाची घडी उलगडली. आत एक हिरवी पट्टी.

हवालदारांनी वाकून ती पाहिली. मग माझ्याकडे पाहिले. मी तेव्हा फारच सडपातळ होते.

“ताई,” ते कळवळून म्हणाले, “एवढ्यावर कसं भागतंय वो तुमचं?”

* * *

दिवाळीच्या तोंडावर संपतचे वडील दुकानात आले. त्यांना सगळे आण्णा म्हणत. काकांच्या अटीची बातमी कवठ्यापर्यंत पोहोचली होती.  ते स्टुलावर बसले आणि टोपी गुडघ्यावर ठेवून लेकाचे काम पाहू लागले.

त्या दिवशी नेमके अवघड प्रकरण होते. एक पट्टी वेगवान, दुसरी मंद. वेगळ्या चालवल्या तर दोन्ही निर्दोष. एकत्र केल्या की चाचणी सुरू होताच लाल ओळ. बापासमोर चुकतो आहे, या भावनेने संपतचे कान तांबडे झाले होते.

“काय झालंय रं?” आण्णांनी विचारले.

“दोगीबी चांगल्या हायेत. पर जोडी चालंना.”

“आरं, मग बाजू बदलून बघ की. डाव्या अंगाला चालल्याला बैल उजवीकडं जुंपला तर त्यो पाऊल टाकत न्हाई.”

“आण्णा, ह्यो बैल हाय व्हय?”

“बघ तर खरं गड्या!”

संपतने निव्वळ वडिलांचा मान राखण्यासाठी पट्ट्यांची अदलाबदल केली. चाचणी सुरू झाली. लाल ओळ आली नाही. आम्ही चहा घेतला, तरी आली नाही. काकांनी टाळी वाजवली!

मी घाईघाईने कारण सांगितले. ते मशीन पहिल्या खाचेतल्या पट्टीचाच वेग विचारते आणि दोन्ही पट्ट्यांना त्याच वेगाने हाकते. आता मंद पट्टी पहिली आल्यामुळे दोघी तिच्या चालीने चालत होत्या. “पण हे केवळ या मशीनपुरते खरे आहे,” मी बजावले. “एका उदाहरणावरून नियम होत नाही.”

माझे ऐकते कोण! पुढच्या मशीनला पट्ट्या जुळेनात, तशी संपतने लगेच बाजू बदलली. लाल ओळ. परत बदलली. लाल ओळ. मग त्याने एक पट्टी पुसून परत बसवली, मशीनची दिशा बदलली, शेवटी स्वतः टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. तरीही लाल ओळच!

घाम पुसत तो म्हणाला, “आण्णा, डावीकडं चालंना, उजवीकडं चालंना. आता काय करू?”

आण्णा टोपी डोक्यावर घालत उठले. “मग त्यातला एक बैल इकून टाक!”

तांत्रिकदृष्ट्या हे उत्तर पूर्णपणे बरोबर होते.

* * *

भाऊबीज झाली. तुळशीच्या लग्नाला थोडेच दिवस उरले होते. वकीलसाहेबांनंतर एकही मशीन परत आले नव्हते. संपत दिवस मोजत नव्हता, पण काकांच्या कॅलेंडरसमोरून जाताना त्याची मान आपोआप वळत असे.

अशा एका दुपारी दारात रिक्षा थांबली आणि पांढऱ्या शुभ्र कपड्यांतले एक गृहस्थ उतरले. बोटांची टोके काळसर, नजर बारीक. संपत स्टुलावरून ताडकन उठला.

“नाना! तुमी?”

विट्याचे नाना. मुलीचे वडील! त्यांची हैदराबादला सोने गाळण्याची पेढी होती. विट्याच्या कितीतरी घरांतली माणसे हाच व्यवसाय घेऊन देशभर पसरलेली आहेत. नाना दिवाळीपुरते गावी आले होते आणि त्या संध्याकाळी मिरजेहून गाडीने परत निघणार होते.

“बसा, संपतराव, बसा,” नाना म्हणाले. “पोरानं ह्ये मशीन दिलंय. म्हनला, जाता जाता मेमरी वाढवून आना. पट्टी त्यानंच घिऊन दिलीया. म्हनलं, दुसऱ्या कुणाकडं कशापायी जायाचं?”

मेमरी वाढवायची होती, हे खरे. पण नाना जावयाचे काम पाहायला आले आहेत, हे न कळण्याइतके आम्ही कुणीच भोळे नव्हतो. काकूंकडे चहाचा निरोप गेला. काका स्वतः पंख्याची दिशा नानांकडे वळवू लागले.

नानांनी खिशातून नवी पट्टी काढली. मी ती हातात घेतली आणि भिंग काढले. तिच्या कडेच्या एका सोनेरी दातावर बारीक ओरखडा होता.

“हे कशाने झालं, नाना?”

“त्ये व्हय? कसोटीवर घासून बघितली की!” नाना सहज म्हणाले. खिशातून त्यांनी काळा गुळगुळीत दगड काढून दाखवला. त्यावर सोनेरी रेघ होती. “सोनं म्हनून दिल्यालं आमी तपासल्याबिगर घेत न्हाई. मशीन उघडाया येत असतं तर आतलीबी घासली असती. हिच्याव सोन्याचं पानी बरं हाय.”

मेमरीची पट्टी कसोटीच्या दगडावर घासणारा माणूस मी त्यापूर्वी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही पाहिलेला नाही!

संपतने मशीन उघडले. आतली पट्टी वेगळ्या कंपनीची आणि वेगळ्या वेगाची निघाली. त्याने दोन्ही एकेक करून तपासल्या. नशिबाने ओरखडा वरवरचा होता. एकेकट्या दोन्ही उत्तीर्ण झाल्या. मग दोन्ही एकत्र बसवून मशीन सुरू केले. पडद्यावर आकडा सरसर चढला आणि पूर्ण मेमरी दिसली.

“झालं की!” नाना खूश झाले. “वा संपतराव! आवरा आता. गाडी गाठायची हाय.”

“नाना, थोडी चाचणी लावतो.”

चाचणी सुरू झाली. नानांनी चहा घेतला, चिवडा घेतला, घड्याळाकडे पाहिले. पडदा स्वच्छ होता. काकांचा चेहरा खुलला. संपतने स्क्रू हातात घेतला आणि त्याच क्षणी, अगदी शेवटच्या टप्प्यात, एक लाल ओळ आली. एकच.

संपतने पट्ट्यांची बाजू बदलली, पुन्हा चाचणी लावली. नाना आता उभे राहिले होते. पुन्हा शेवटी, पुन्हा एकच ओळ.

काका संपतजवळ वाकले. मी शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आले. “अरे, एवढं तर चालतंय. देऊन टाक. हे मशीन मी अटीत धरत नाही, जा! सासऱ्याला रिकाम्या हातानं पाठवणार आहेस का?”

नानांचाही आवाज जरा बदलला. “काय अडलंय, संपतराव? जमत नसंल तर तसं सांगा. हैदराबादेत करून घीन.”

संपतने माझ्याकडे पाहिले.  पण हा निर्णय त्याचा होता.

त्याने नवी पट्टी काढली आणि नानांच्या समोर काउंटरवर ठेवली.

“नाना, ही ह्यात बसवून देनार न्हाई मी.”

“आता तर सगळी दिसत हुती की!”

“दिसत हुती. मशीन चालूबी ऱ्हाईल, म्हैना-म्हैना चालंल. पर तुमच्या पेढीवर लोकांच्या सोन्याची वजनं ह्याच्यात लिवत्यात. कवातरी एकांद्या टायमाला चार ग्रॅमचं पाच दावंल, न्हाईतर तीन. आनि निळा पडदाबी येनार न्हाई. कुनाला कळनारबी न्हाई.”

“दोन्ही पट्ट्या चांगल्या हायेत म्हनलासा मगाशी.”

“चांगल्याच हायेत. एकीच्या शेजारी दुसरी चालत न्हाई. जुन्याच मेमरीव न्या. हळू चालंल, पर खरं चालंल.”

 काकांनी कपाळाला हात लावला. चहाचे कप न्यायला आलेल्या काकू दारातच थांबल्या.

 नानांनी नवी पट्टी खिशात टाकली, लॅपटॉप पिशवीत घातला. मग दुसऱ्या खिशातून मखमलीची छोटी लाल डबी काढली. आत अंगठी होती.

“हात आना हिकडं. साखरपुड्याची हाय. माप बघाया आनलीवती.”

संपतने हात पुढे केला. अंगठी बोटात नीट बसली. नानांनी ती थोडी फिरवली, उजेडाकडे धरून पाहिली आणि झटकन काढून घेतली. डबी मिटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“ही न्हाई,” ते म्हणाले.

संपत रिकाम्या बोटाकडे पाहत राहिला. 

नाना पायरी उतरले, रिक्षात बसले. काका मागोमाग धावले. “नाना! अहो नाना, असं काय करता? पोरगा गुणी आहे हो!”

“मी कुठं काय म्हनलो? माप मिळालं. तुळशीच्या लग्नाआदी दुसरी करून आनतो.”

“पण हिला काय झालं? चांगली चकचकीत आहे की!”

रिक्षा सुरू झाली होती. नानांनी डोके बाहेर काढले.

“चकचकीत हाय, त्ये खरं. पर कस कमी हाय हिचा. असली ह्या मानसाच्या बोटात न्हाई घालता यायची!”